बरणीभर शेपा

शालनचं पत्र आलं तेव्हा द्वारका मागच्या पडवीत बसून भाजी निवडत होती. निळं आंतर्देशीय पत्र होतं, अक्षर शाळकरी, ओळी वर चढत गेलेल्या. मी ते उभ्या उभ्याच वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

“कुणाचं?” तिने विचारलं.

“इचलकरंजीहून आहे.”

तिचा हात थांबला. “मोठ्याने वाचा.”

मी वाचलं. ‘ती. मास्तरकाका यांस शालनचा सा. न. आपण मला ओळखत नसाल. माझं लग्न ठरलं आहे. आजी म्हणते, तान्ही असताना मला तुमच्या घरी विकलं होतं आणि परत नेताना किंमत फेडायची राहिली. ती फेडल्याशिवाय वडिलांना माझं कन्यादान करता येणार नाही. वडिलांचा यावर विश्वास नाही. माझाही फारसा नाही, पण आजी जेवत नाही. तरी किंमत काय होती आणि आता ती कशी फेडावी, एवढं कळवावं.’

द्वारकाने पत्र मागितलं नाही. निवडलेली भाजी तिने पुन्हा एकदा निवडली.

“उत्तर धाडू नका,” ती म्हणाली.

“अगं, पण पोरीचं लग्न...”

“लग्न होईल. त्यावाचून कुणाचं अडत नाही. तुम्ही उत्तर धाडू नका.”

मी पत्र घडी घालून कपाटात ठेवलं.

हे सगळं सुरू झालं तेव्हा आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. मी गडहिंग्लजच्या एका वाचनालयात कारकून होतो. शाळेत एक तासही कधी शिकवलं नव्हतं, पण चष्मा आणि काखेत पुस्तक असलेला माणूस म्हणजे मास्तर, असा आमच्या गल्लीचा हिशेब. मीही ते खोडून काढलं नाही. खोडायला बोलावं लागलं असतं.

द्वारका पहिल्या बाळंतपणाला निपाणीला माहेरी गेली होती. मुलगा झाला. मी पेढे घेऊन निघायच्या बेतात असताना तार आली. बारशाच्या आतच तो गेला होता. तिला परत आणायला गेलो तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरात डब्यांसमोर नुसत्या बसल्या होत्या. डिंक, अळीव, ओवा, बाळंतशेपा, सगळं महिनाभर आधीपासून निवडून, भाजून ठेवलेलं. आता त्याचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. “यातलं काही नेतेस का?” त्यांनी विचारलं, आणि विचारल्यावर स्वतःच रडायला लागल्या. द्वारकाने एक चिनीमातीची बरणी उचलली. तीत शेपा होता. आपण शेपूची पालेभाजी खातो ना, तिचं बी. बाळंतिणीला जेवणानंतर चघळायला देतात.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी दूध आटायच्या गोळ्या दिल्या होत्या आणि छाती घट्ट बांधून ठेवायला सांगितलं होतं. घरी आल्यावर काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की गोळ्यांची पुडी उघडलेलीच नाही. आणि जेवण झालं की द्वारका फडताळाकडे जाते, बरणीतून चिमूटभर शेपा काढते आणि माझ्याकडे पाठ करून चघळते. तिच्या बोलण्याला, श्वासाला, उशीला त्याचा उग्र गोडसर वास येई.

मी वाचनालयात वैद्यकाचं जुनं पुस्तक काढून पाहिलं. शतपुष्पा म्हणजे शेपा. वायू हटवते, भूक वाढवते, दूध वाढवते. घरी येऊन बराच वेळ शब्द जुळवत बसलो.

“हे आता खाऊ नये म्हणतात,” शेवटी मी म्हणालो.

“कोण म्हणतं?”

“पुस्तकात आहे.”

“काय आहे पुस्तकात?”

“यानं दूध येतं म्हणून.”

“मग बरोबर लिहिलंय,” ती म्हणाली आणि ताटं उचलून मोरीकडे गेली.

आमच्या घराची आणि हौसाबाईच्या घराची भिंत एकच. हौसाबाई विधवा बाई, तोंडाने फटकळ, गल्लीतल्या प्रत्येक बाळंतपणाला हजर. मुलगा दिनकर इचलकरंजीला मागावर कामाला होता आणि त्याची बायको अनसूया दिवस भरत आलेली म्हणून सासूजवळ राहत होती. द्वारका माहेराहून परतली त्याच पंधरवड्यात अनसूया दवाखान्यात गेली ती परत आली नाही. आली ती नुसती मुलगी, हौसाबाईच्या पदरात. दिनकर दिवस घालून कामावर परत गेला.

ती पोर रडायची. शेळीचं दूध पाजलं की ओकायची, आणि पुन्हा रडायची. भिंतीतून सगळं ऐकू येई. एकदा द्वारका भाकरी थापत असताना रडणं सुरू झालं आणि माझ्या डोळ्यांदेखत तिच्या चोळीवर दोन ओले डाग पसरत गेले. तिने पदर पुढे ओढला, भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. मी ताटाकडे बघत राहिलो. त्या दिवशी भाकरी खारट लागली असं म्हटलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. मीठ तिने दोनदा घातलं असेल.

दुसऱ्या दिवशी ती शेजारी गेली. मी दारातच होतो, मला सगळं ऐकू आलं.

“मावशी, मी पाजते तिला.”

हौसाबाई उंबऱ्यात आडवी उभी होती. “तुझं मन चांगलं हाय गं बाई. पर ज्या बाईचं लेकरू गेलंय तिनं दुसऱ्याच्या तान्ह्याला हात लावू न्हाई. लावला तर काय हुतंय ते म्या डोळ्यानं बघितलंय. राग मानू नको. उंबरा चढू नको.”

द्वारका परत आली. “त्यांचं बरोबर आहे,” एवढंच म्हणाली. जेवली, आणि फडताळाकडे गेली.

सोमवारी वाचनालयाला सुट्टी असे. दुपारी मी पुस्तकाला पुठ्ठा चढवत होतो. रडणं आता उरलंच नव्हतं, मांजराच्या पिल्लासारखा बारीक आवाज अधूनमधून येत होता. तो एकाएकी भिंतीपलीकडून न येता आमच्या मागच्या दारातून आला. हौसाबाई आत शिरली. जुन्या लुगड्याच्या धडप्यात पोर, डोक्यावर पदर, डोळे तांबारलेले.

मी उठून बाहेर जाऊ लागलो.

“मास्तर, जाऊ नगा. साक्षीला मानूस लागतंय.”

“कसल्या साक्षीला?”

तिने मला उत्तर दिलं नाही. द्वारकासमोर फतकल मारून बसली. “द्वारके, ही पोर माझ्याकडं जगंना. मरान माझ्या दाराला धरना धरून बसलंय. तवा मी ही विकती. तू इकत घे.”

“विकत?”

“व्हय. दुसऱ्याच्या लेकराला तू पाजायचं न्हाई. पर सोताच्या लेकराला पाजायला तुला कोन आडवंल?”

द्वारका तिच्याकडे बघत राहिली. “काय देऊ?”

“मूठभर कोंडा दे. न्हाईतर तांदळाच्या कन्या दे. मोलाचं काय देऊ नको. मोल दिलं की मरनाला वाटतंय, वस्तू चांगली हाय, उचलावी.”

घरात दळण संपलेलं होतं. चाळण झाडली असती तरी कोंडाही निघाला नसता. द्वारका उठली, फडताळातली बरणी काढली आणि हौसाबाईच्या पसरलेल्या पदरात उपडी केली. शेपा खाली पडल्याचा पावसाच्या बारीक सरीसारखा आवाज झाला.

“समदा?” हौसाबाई दचकली. “अगं, तुझ्या दुधाला लागंल की.”

“दूध आहे.”

हौसाबाईने पदराला गाठ मारली. “ह्ये ध्येनात ठेव. पोरगी मोठी झाली, धोका टळला, की ह्योच शेपा तुला परत करून मी तिला माघारी घेनार. असाच बांधून आढ्याला ठेवती. आता मोठ्यांदा बोल. भाईर ऐकू जाऊ दे. कुनाची पोर ही?”

“माझी.”

“मास्तर, ऐकलं?”

“ऐकलं,” मी म्हणालो.

मग मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. मागे चोळीच्या गाठीचा आवाज झाला, पोरीचा तो बारीक स्वर दोनदा अडखळला आणि थांबला. शेवटी हौसाबाई म्हणाली, “वडतीया बघ कशी. भवानी.” आणि नाक शिंकरलं.

शालन आमच्या घरी वाढू लागली. दिवसातून दोनदा हौसाबाई येई आणि आल्या आल्या दोष काढी. टाळू भरली नाही, कुंची सैल बांधली, मास्तर शिंकले. तिच्या सगळ्या विद्येत शेपा असे. पोट दुखलं की शेप्याचं कोमट पाणी, चमचाभर. पाळण्याच्या दोरीला शेपा-ओव्याची पुरचुंडी, वाऱ्या-वावटळीतलं काही आत येऊ नये म्हणून. दृष्ट लागली असं वाटलं की चिमूटभर शेपा अंगावरून उतरवून निखाऱ्यावर टाकायचा. वास सुटला तर ठीक, नाही सुटला तर दृष्ट जबर. मला हे सगळं हास्यास्पद वाटायला हवं होतं. पण तसा वास सुटला की मीही हायसं वाटून पुस्तकाचं पान उलटत असे.

आणि रोज दिवेलागणीला धुरी. हौसाबाई खापरात निखारे घेऊन येई, वर ओवा आणि शेपा टाकी, बाजेखाली सरकवी. द्वारका पोरीला घेऊन वर निजे. धुरात दोघी दिसेनाशा होत.

एका संध्याकाळी हौसाबाईचा शेप्याचा डबा रिकामा निघाला. वाणी गावाला गेलेला. “थांब,” ती म्हणाली, घरी जाऊन आली आणि पदराच्या गाठीतून चिमूट काढून निखाऱ्यावर टाकली. दुसऱ्या दिवशीही तसंच. मग ती तिची सवयच झाली. वाणी परत आला तरी हात गाठीकडेच जाई. माझ्या मनात आलं, हा तोच. मी द्वारकाकडे पाहिलं. तीही गाठीकडेच बघत होती. मग तिने मान वळवली आणि पोरीच्या तोंडावरचा धूर पदराने वारला.

शालन भिंत धरून उभी राहायला लागली. द्वारकाला ती ‘आ’ म्हणे, मला काहीच म्हणत नसे, पण माझा चष्मा ओढायची तिला फार हौस. तेवढ्यात दिनकरने इचलकरंजीला दुसरं लग्न केलं. जिल्हाभर गूळ वाहणाऱ्या एका ओळखीच्या माणसाची जीप घेऊन तो एक दिवस आला. नवी बायको जीपमध्येच बसून होती. हौसाबाईचंही सामान बांधलेलं होतं.

“वहिनी, तुमचे उपकार कातड्याचे जोडे केले तरी फिटायचे न्हाईत,” दिनकर दारात हात जोडून म्हणाला. “पण बाप जिता असताना पोर किती दिवस दुसऱ्यात ठेवायची?”

द्वारकाने शालनचे सगळे कपडे धुऊन, घडी घालून ठेवलेले होते. हा दिवस येणार हे तिला माहीत होतं. ती दिनकरशी बोललीच नाही. हौसाबाईकडे वळली.

“मावशी, माझा शेपा?”

हौसाबाईने कमरेची पुडी काढली. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली, कोरी. “ह्यो घे. पावशेर हाय. चांगला बघून आनला.”

“हा तो नव्हे.”

“शेपा त्यो शेपाच की गं.”

“असाच परत करीन म्हणाला होतात. आढ्याला बांधून.”

हौसाबाईचा चेहरा उतरला. तिचा हात नकळत पदराच्या टोकाकडे गेला आणि तिथेच थांबला. तिथे गाठ नव्हती. मला वाटतं, त्या क्षणापर्यंत तिला खरोखरच कळलं नव्हतं. गल्लीतल्या सगळ्या पोरांचे असे सौदे तिनेच केलेले. कुणाची मूठभर कण्यांची पुरचुंडी उंदराने कुरतडली म्हणून तिने कितींदा आकांत केला होता.

“जाळला की गं मी त्यो,” ती हळू म्हणाली. “हिच्याच धुरीत.”

“मला दिसत होतं,” द्वारका म्हणाली.

“दिसत हुतं आनि बोलली न्हाईस?”

द्वारकाने कडेवरची शालन सावरली.

“आई, काय खुळेपणा लावलायसा?” दिनकर चिडला. “शेपा काय अन् इकणं काय! जीपवाला थांबलाय.”

हौसाबाई त्याच्याकडे न बघता माझ्याकडे वळली. “मास्तर, तुम्ही शिकल्यालं. तुम्हीच साक्षीला हुता. सांगा हिला. म्या वरवरचं केलं हुतं, पोर जगावी म्हनून. त्यो खेळ हुता. सांगा, असलं काय खरं नसतंय म्हनून. तुमच्या पुस्तकात आसंलच की.”

सगळे माझ्याकडे बघत होते. द्वारकाही. तिच्या कडेवर शालन, माझ्या चष्म्याकडे हात पसरून. खरं नसतं म्हणालो असतो तर त्या वर्षभरातलं सगळंच खरं नव्हतं असं झालं असतं. खरं असतं म्हणालो असतो, तर त्या पोरीच्या गळ्यात जन्माचा धोंडा बांधला असता, आणि हौसाबाई तर तिथेच कोसळली असती.

“मला माहीत नाही,” मी म्हणालो.

द्वारकाने शालनला दिनकरच्या हातात दिलं. स्वतःच दिलं; कुणी ओढून घेतलं नाही. पोर रडत नव्हती, जीप बघून तिला गंमत वाटत होती. हौसाबाई सगळ्यांत शेवटी निघाली. तिने ती कोरी पुडी आमच्या उंबऱ्यावर ठेवायला हात पुढे केला, आणि मग मागे घेतला.

त्या दिवसांत द्वारका छातीला फडकं गच्च बांधून घरात वावरत असे. आम्हाला पुढे मूल झालं नाही. शालनचं नाव घरात निघत नसे. मात्र बाजारात शेपूची जुडी दिसली की द्वारका घ्यायचीच. मला ती भाजी आवडत नाही हे मी तिला अखेरपर्यंत सांगितलं नाही.

पत्र आलं ते त्यानंतर अठरा-एकोणीस वर्षांनी. आणि मी उत्तर धाडलं नाही.

लग्न उरकल्यावर हौसाबाई एकदा आली. गडहिंग्लजचं घर विकायचं होतं म्हणून. पार वाकली होती. आमच्या पायरीवर बसली. द्वारकाने चहा दिला, दोघी आपापल्या बशीत फुंकत राहिल्या.

“कुठं दिली?” द्वारकाने विचारलं.

“जयसिंगपूरला. शिंद्यांच्यात. पोरगा एसटीत मेकॅनिक हाय.” मग बशी खाली ठेवून ती म्हणाली, “दिनकरला बसू दिलं न्हाई म्या. मामानं कन्यादान केलं. बाप कोपऱ्यात हुबा. लई बोलला मला, लोकांत तोंड काळं केलंस म्हनाला. पर ज्याची वस्तू न्हाई त्यानं दान कसं करायचं गं?”

द्वारकाचा चेहरा मी पाहिला. त्यावर समाधान होतं, आणि त्या समाधानाची तिलाच भीती वाटल्यासारखी दिसत होती.

“तिला शेपूची भाजी आवडते का?” तिने जरा वेळाने विचारलं.

“कुठली! वास आला की नाकाला पदर लावती. म्हंती, आजे, ह्या भाजीच्या घरात मी जेवायची न्हाई.”

दोघी एकदम हसल्या. हौसाबाई हसता हसता खोकायला लागली, द्वारकाने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. यंदा श्रावणात द्वारका गेली. आजार मोठा नव्हता, मला तरी तो मोठा वाटला नव्हता. शेवटच्या दिवसांत मी एकदा विचारलं, “शालनला कळवू का?” तिने मान हलवली; पण होय म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही. पुन्हा विचारायचा धीर झाला नाही.

अग्नी पुतण्याने दिला. दहाव्याला गुरुजी घाटावर दर्भ मांडता मांडता नेहमीचं विचारत गेले. गोत्र, नाव, तिथी. मग म्हणाले, “बाईंना अपत्य?”

“नाही,” पुतण्या म्हणाला.

“आहे,” मी म्हणालो.

पुतण्या माझ्याकडे बघायला लागला. माझाच आवाज मला ओळखीचा वाटला नाही.

“एक मुलगी आहे. लग्न झालेली. जयसिंगपूरला असते.”

“मग आल्या नाहीत त्या?”

“कळवलेलं नाही.”

“कळवा,” गुरुजी म्हणाले. त्यांचं लक्ष दर्भाकडेच होतं. “विवाहित मुलीला तीन दिवसांचं सुतक असतं. उशिरा कळलं तरी, कळल्यापासून.”

घरी येऊन मी आंघोळ केली आणि पोस्टकार्ड घेऊन बसलो. अशा पत्रावर श्री लिहीत नाहीत; वरची जागा मोकळी सोडली. एवढं लिहायला मला संध्याकाळ झाली:

‘चि. शालन हिस अनेक आशीर्वाद. तुझी आई द्वारका हिला मागच्या आठवड्यात देवाज्ञा झाली. शेवटी फार त्रास झाला नाही. तुला विवाहित मुलीचं तीन दिवसांचं सुतक आहे. पाळावंस की नाही ते तुझ्या मनावर. तू पूर्वी विचारलं होतंस, त्याला मी साक्षीला होतो. किंमत बरणीभर शेपा होती. तो तुझ्याच धुरीत जळला, त्यामुळे परत करण्यासारखं काही नाही. तुझ्या वडिलांना आणि घरच्यांना नमस्कार.’

पुतण्या म्हणाला, “काका, द्या, मी सकाळी टाकतो.” मी नको म्हणालो. चपला घालून पोस्टाच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. ‘शिंदे, एसटी मेकॅनिक, जयसिंगपूर’ एवढ्या पत्त्यावर ते पोचेल का, शिंदे जयसिंगपुरात शंभर असतील, तिला हे वाचून काय वाटेल, तिच्या सासरी कोण आधी वाचेल, असं सगळं मनात येत होतं. पेटीपाशी उभं राहून एकदा वाचून पाहिलं. ‘तुझी आई’ हे शब्द तसेच राहू दिले आणि कार्ड आत टाकलं.